रिटर्न भरताना आणि टॅक्स भरताना जे नेहमी अडतं, ते कसं सोडवायचं

जून-जुलै आला की तेच प्रश्न सुरू होतात. रिफंड का नाही आला, फॉर्म १६ मध्ये एक आकडा आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर दुसराच का दिसतोय, पैसे कट झाले पण चलन कुठाय, आणि सगळ्यात जास्त झोप उडवणारा म्हणजे "इन्कम टॅक्सचा मेल आलाय, आता काय करू". ऑफिसमधल्या आणि नात्यातल्या बऱ्याच जणांची रिटर्न मी शेजारी बसून भरून देते, त्यावरून सांगते, यातले निम्म्याहून जास्त प्रॉब्लेम जुळवाजुळवीचे असतात. तुम्ही रिटर्नमध्ये एक आकडा लिहिता आणि तुमच्या कंपनीने, बँकेने, ब्रोकरने डिपार्टमेंटला आधीच दुसरा कळवलेला असतो. त्यामुळे काहीही अडलं तर पैसे भरायच्या, उत्तर द्यायच्या किंवा सीएला फोन करायच्या आधी एकच करायचं, त्यांच्याकडे तुमच्या नावावर काय नोंदलंय ते उघडून बघायचं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. इथे मी कलमांचे नंबर १९६१ च्या कायद्याचे देतेय, कारण आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या कमाईला तोच कायदा लागतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि तिथे कलमांचे नंबर वेगळे आहेत, तेव्हा पुढच्या वर्षीच्या नोटिशीत ओळखीचा नंबर दिसला नाही तर गोंधळून जाऊ नका.

बघायचं काय, तर तीन कागद. फॉर्म १६ कंपनी देते, २६एएस मध्ये तुमच्या पॅनवर जमा झालेला टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला टॅक्स, दिसतो, आणि एआयएस मध्ये जवळजवळ सगळंच, म्हणजे बचत खात्याचं व्याज, एफडीचं व्याज, डिव्हिडंड, शेअर आणि म्युच्युअल फंडाची विक्री, मोठी खरेदी. एआयएसची पीडीएफ उघडत नाही म्हणून बरेच जण ती बघतच नाहीत. तिचा पासवर्ड म्हणजे पॅन सगळा स्मॉल अक्षरांत आणि त्याला चिकटून जन्मतारीख आठ आकड्यांत, मध्ये स्पेस नाही. आणि घाई करू नका, कारण कंपन्यांना शेवटच्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरायला ३१ मेपर्यंत आणि फॉर्म १६ द्यायला १५ जूनपर्यंत वेळ असतो, त्याच्या आधी रिटर्न टाकलं तर अर्धवट माहितीवर टाकल्यासारखं होतं.

एआयएस मध्ये चुका असतात हेही लक्षात ठेवा. जॉइंट एफडीचं सगळं व्याज पहिल्या नावावर दिसतं, तीच एंट्री कधी दोनदा येते, फंड विकल्यावर विक्रीची पूर्ण रक्कम दिसते आणि लोकांना वाटतं तेवढं सगळं उत्पन्न धरलंय. विक्रीची रक्कम म्हणजे नफा नव्हे, खरेदीची किंमत वजा करून जे उरतं तेवढंच धरायचं, त्याचं स्टेटमेंट ब्रोकरकडे किंवा फंड हाऊसकडे तयार मिळतं. चुकीच्या एंट्रीवर क्लिक करून तिथेच फीडबॅक देता येतो, माहिती बरोबर नाही, डुप्लिकेट आहे, दुसऱ्या पॅनची आहे वगैरे. फीडबॅक दिला की त्याची पावती सेव्ह करा. पण जे खरंच तुमचं उत्पन्न आहे ते "कोण बघतंय" म्हणून सोडू नका, बचत खात्याचं व्याज चार हजार असलं तरी दाखवा, ते त्यांच्याकडे आधीच पोचलेलं असतं.

आता टीडीएस कापलाय पण २६एएस मध्ये नाही, हा प्रकार. कारणं साधारण तीनच असतात, कापणाऱ्याने पॅन चुकीचा टाकला, टीडीएसचं रिटर्नच भरलं नाही, किंवा पैसे कापले आणि सरकारकडे भरलेच नाहीत. पहिल्या दोन्हींत त्यांनाच दुरुस्ती करावी लागते, तुम्ही पोर्टलवर काही करू शकत नाही, म्हणून फोनवर न बोलता मेल टाका, त्यात तुमचा पॅन, महिना, कापलेली रक्कम लिहा आणि सुधारित टीडीएस रिटर्न भरायला सांगा. फ्लॅट विकलेल्यांना हे फार होतं, ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीची जागा असली की घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून फॉर्म २६क्यूबी भरायचा असतो आणि तो विकणाऱ्याचा पॅन टाकताना एक अक्षर चुकवतो, मग दुरुस्ती त्यालाच करावी लागते. व्यवहार संपून दोघे आपापल्या वाटेने गेल्यावर माणूस गाठणं किती अवघड जातं ते ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं, त्यामुळे रजिस्ट्रेशननंतर महिना-दीड महिन्यात २६एएस बघाच.

तिसरा प्रकार जास्त त्रासाचा, कंपनीने पगारातून कापलं आणि भरलंच नाही. इथे लोक हताश होऊन तोच टॅक्स दुसऱ्यांदा भरून टाकतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण कलम २०५ सरळ सांगतं की जेवढा टीडीएस कापला गेलाय तेवढ्यापुरती मागणी तुमच्याकडून वसूल करता येत नाही. सीबीडीटीने, म्हणजे डिपार्टमेंटच्या वरच्या बोर्डानेही, अधिकाऱ्यांना तशा सूचना दिलेल्या आहेत. अर्थात कम्प्युटर आधी डिमांड, म्हणजे बाकी टॅक्सची मागणी, काढणारच, मग त्या डिमांडवर "मान्य नाही" असं उत्तर द्यायचं आणि आपल्या असेसिंग ऑफिसरकडे (आपल्या पॅनचं काम बघणारा आयकर अधिकारी) पगाराच्या स्लिपा, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि असेल तर फॉर्म १६ जोडून अर्ज करायचा. वेळ लागतो, चकरा होतात, पण हक्क तुमचा आहे. म्हणून सांगते, सॅलरी स्लिप दर महिन्याला स्वतःच्या मेलवर घ्या, कंपनी सोडली की तो एचआरचा लॉगिन बंद होतो आणि मग एकही कागद हातात नसतो.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर हा भाग नीट वाचा. समजा पहिल्या कंपनीत सहा महिन्यांत ६ लाख मिळाले आणि दुसऱ्या कंपनीत उरलेल्या सहा महिन्यांत साडेसात लाख. पहिली कंपनी म्हणते वर्षाचे १२ लाख होतील, टॅक्स शून्य. दुसरीला पहिलीचं काही माहीत नाही, ती म्हणते साडेसात लाखच आहेत, टॅक्स शून्य. दोघींनी ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन पण दिलं. जुलैत रिटर्न भरायला बसलात की एकूण साडेतेरा लाख, ७५ हजार एकदाच वजा, म्हणजे पावणेतेरा लाख, आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या रिजीमच्या (नव्या करपद्धतीच्या) दराने टॅक्स होतो ७१,२५० आणि ४ टक्के सेस धरून ७४,१००. वर ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा टॅक्स, भरला नाही म्हणून कलम २३४बी आणि २३४सी चं व्याज, जुलैत भरलंत तरी ते साडेसहा हजारांच्या पुढे जातं. हे टाळायचं तर जॉइन झाल्यावर नव्या कंपनीला फॉर्म १२बी मध्ये आधीच्या पगाराची माहिती द्यायची, मग तेच टीडीएस नीट कापतात. ते राहून गेलं असेल आणि मार्चच्या आधी लक्षात आलं तर लगेच ॲडव्हान्स टॅक्स भरून टाका, व्याज तेवढं कमी लागेल. आणि फक्त शेवटच्या कंपनीचा फॉर्म १६ टाकून रिटर्न भरू नका, एआयएस मध्ये दोन्ही पगार दिसतात.

ॲडव्हान्स टॅक्सचं थोडक्यात, टीडीएस वजा जाऊन वर्षाचा टॅक्स १० हजार किंवा जास्त निघत असेल तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा भरायचा. साठी ओलांडलेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्यांना हे लागू नाही, त्यामुळे एफडीवर जगणाऱ्या आई-बाबांना उगाच घाबरवू नका.

आता प्रत्यक्ष पैसे भरणं. पोर्टलवर ई-पे टॅक्स मध्ये जायचं, तिथे दोन ठिकाणी चुका होतात, वर्ष आणि प्रकार. तिथे असेसमेंट इयर विचारतात, कमाईचं वर्ष नाही, म्हणजे २०२५-२६ मध्ये कमावलेल्यासाठी असेसमेंट इयर २०२६-२७. आणि प्रकार म्हणजे, वर्ष चालू असताना भरताय तर ॲडव्हान्स टॅक्स १००, वर्ष संपल्यावर रिटर्नच्या आधी भरताय तर सेल्फ असेसमेंट टॅक्स ३००, डिमांड नोटीस आल्यावर भरताय तर रेग्युलर असेसमेंट ४००. चुकलंच तर पोर्टलवर चलन करेक्शनची सोय आहे, पण मुदत फार लहान आहे, असेसमेंट इयर बदलायचं तर पैसे भरल्यापासून ७ दिवस आणि प्रकार बदलायचा तर ३० दिवस. त्यानंतर असेसिंग ऑफिसरकडे अर्ज. म्हणून पैसे भरले की चलनाची पीडीएफ तिथल्या तिथे उघडून या दोन ओळी वाचायच्या, अर्धा मिनिट लागतो.

पैसे खात्यातून गेले आणि चलन आलं नाही तर पुन्हा लगेच भरू नका. ई-पे टॅक्स मध्ये पेमेंट हिस्टरी आहे ती बघा, दुसऱ्या दिवशी परत बघा, बऱ्याचदा बँकेकडून स्टेटस उशिरा येतं आणि चलन तिथे दिसायला लागतं, नाहीतर पैसे खात्यात परत येतात. दोन्ही झालं नाही तर सीआरएन नंबर (चलन बनवताना पोर्टल देतं तो) आणि बँकेचा ट्रान्झॅक्शन नंबर घेऊन बँकेत तक्रार टाका. हा सीआरएन १५ दिवस चालतो, आज बनवून चार दिवसांनी भरला तरी चालतं. हे सगळं ३१ जुलैच्या रात्री अकरा वाजता करायला लागू नये एवढंच बघा, त्या रात्री पोर्टल, ओटीपी आणि बँक तिन्ही एकदम रुसतात. चलन भरल्यावर त्याची माहिती रिटर्नमध्ये येणं पण गरजेचं आहे, सात आकडी बीएसआर कोड (बँकेच्या शाखेचा), तारीख, पाच आकडी चलन नंबर आणि रक्कम. आपोआप आली नसेल तर हाताने टाका, नाहीतर टॅक्स भरून पण डिमांड येते.

रिजीमबद्दल. नवी रिजीम आता डिफॉल्ट आहे, जुनी हवी तर सांगावी लागते. पगारदार माणूस रिटर्नमध्येच निवडू शकतो, कंपनीला वर्षभर काहीही सांगितलेलं असलं तरी. धंदा-व्यवसाय असेल आणि जुनी हवी असेल तर फॉर्म १०-आयईए मुदतीच्या आत भरावा लागतो. आणि मुदत गेली की जुनी रिजीम गेली, उशिराचं रिटर्न नव्या रिजीममध्येच होतं, म्हणजे होम लोन, एचआरए, ८०सी सगळं हातचं जातं. मला वाटतं उशिराच्या दंडापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठं असतं आणि लोकांना ते माहीतच नसतं. अजून एक, "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही" हे ऐकून शेअरवाले निश्चिंत बसतात, पण ती सूट शेअर आणि इक्विटी फंडाच्या नफ्यावर, म्हणजे ज्याला वेगळा खास दर आहे त्यावर, नव्या रिजीममध्ये मिळत नाही.

रिटर्न सबमिट केलं म्हणजे झालं असं समजू नका. ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करायचं, आधार ओटीपीने दोन मिनिटांत होतं. आधारला जुना मोबाइल नंबर असेल तर नेट बँकिंगमधून किंवा व्हॅलिडेट केलेल्या बँक खात्यातून कोड काढता येतो, तेही जमत नसेल तर आयटीआर-व्ही वर, म्हणजे रिटर्नच्या पावतीवर, सही करून स्पीड पोस्टने बेंगळुरूच्या सीपीसीला, म्हणजे रिटर्न तपासणाऱ्या केंद्राला, पाठवायची. ३० दिवस उलटून मग व्हेरिफाय केलं तर ज्या दिवशी व्हेरिफाय केलं तोच दिवस रिटर्न भरल्याचा धरतात, म्हणजे वेळेत भरलेलं रिटर्न उशिराचं होऊन बसतं.

रिफंड अडकण्याची कारणं बघितलीत तर बहुतेक वेळा बँक खातं सापडेल. खातं प्री-व्हॅलिडेट नाही (पोर्टलवर आधी तपासून घेतलेलं नाही), रिफंडसाठी निवडलेलं नाही, खात्यावरचं नाव पॅनच्या नावाशी जुळत नाही, लग्नानंतर एका ठिकाणी नाव बदललं आणि दुसरीकडे नाही, किंवा आयएफएससी जुना आहे. देना, विजया, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद, ओरिएंटल या बँका २०१९-२० मध्ये दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या, तरी आई-बाबांच्या प्रोफाइलमध्ये अजून तेच कोड सापडतात. खातं दुरुस्त करून व्हॅलिडेट झालं की सर्व्हिसेसमध्ये जाऊन रिफंड रीइश्यूची रिक्वेस्ट टाकायची, नुसतं खातं बदलून पैसे आपोआप येत नाहीत. दुसरं कारण पॅन-आधार लिंक नसणं, १ जुलै २०२३ पासून असे पॅन निष्क्रिय झाले, रिफंड थांबतो आणि टीडीएस पण जास्त दराने कापतात. हजार रुपये फी भरून लिंक करून घ्या, दुसरा इलाज नाही. रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं, ते पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचं असतं, हे राहतंच.

आता नोटीस. मेल आला की आधी बघा तो खरा आहे का. पोर्टलवर लॉगिन न करताही नोटीस तपासायची सोय आहे, पत्रावरचा डीआयएन (त्या पत्राचा स्वतःचा ओळख नंबर) टाकला की खरं-खोटं कळतं. मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका, पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा आणि पेंडिंग ॲक्शन बघा. रिफंड मंजूर झालाय, खात्याची माहिती भरा असा एसएमएस आला तर तो फसवणुकीचाच धरा, डिपार्टमेंट पिन, ओटीपी, कार्डची माहिती मागत नाही.

सगळ्यात जास्त येतं ते १४३(१) चं इंटिमेशन, आणि ते रिटर्न भरलेल्या जवळपास प्रत्येकाला येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्यात दोन कॉलम असतात, एकात तुम्ही लिहिलेलं आणि शेजारी त्यांनी काढलेलं. पट्टी धरून ओळीने खाली या, जिथे दोन आकडे वेगळे होतात तिथे गडबड आहे. टीडीएसच्या ओळीत फरक असेल तर २६एएस काढा, डिडक्शनच्या ओळीत असेल तर तुम्ही कुठल्या रकान्यात टाकलं ते बघा, व्याजाच्या ओळीत असेल तर चलनाची तारीख बघा. त्यांची चूक दिसली तर कलम १५४ ची रेक्टिफिकेशन रिक्वेस्ट ऑनलाइन टाकता येते, तुमची चूक असेल आणि मुदत उलटली नसेल तर सरळ सुधारित रिटर्न भरा. १३९(९) म्हणजे रिटर्न सदोष आहे, त्याला १५ दिवसांत उत्तर लागतं, नाहीतर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जाऊ शकतं. २४५ म्हणजे जुन्या डिमांडमध्ये तुमचा रिफंड वळवायचा विचार आहे, ती डिमांड कधीकाळी भरलेली असेल किंवा चुकीची असेल तर दिलेल्या मुदतीत "असहमत" म्हणून चलन जोडा, गप्प बसलात तर पैसे वळते होतात. १४३(२) आली तर मात्र स्वतः प्रयोग करू नका, ती स्क्रूटिनी, म्हणजे रिटर्नची सखोल तपासणी, आहे, तिथे चांगला सीए घ्या आणि त्याच्या फीची कुरकुर करू नका.

टॅक्स निघाला पण एकदम भरायला पैसेच नाहीत, हेही होतं, आणि लोक लाजेने रिटर्नच भरत नाहीत. तसं करू नका. जेवढं जमतं तेवढं आत्ता भरा, व्याज न भरलेल्या रकमेवर महिन्याला १ टक्का लागतं, म्हणजे जितकं कमी ठेवाल तितकं कमी. रिटर्न न भरल्याचा दंड त्याच्यावर वेगळा असतो, कलम २३४एफ खाली ५ हजार, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजार. डिमांड नोटीस आली की भरायला ३० दिवस असतात, त्या ३० दिवसांच्या आतच असेसिंग ऑफिसरकडे हप्ते मागायचा अर्ज करा, सोबत तुमची परिस्थिती दाखवणारे कागद, नोकरी गेल्याचं पत्र, हॉस्पिटलची बिलं, आणि कुठल्या तारखेला किती भरणार ते स्वतःच लिहून द्या. डिमांड मान्यच नसेल तर अपिलाची मुदत पण ३० दिवसच आहे.

मुदत हुकली असेल तर, पगारदारांची नेहमीची तारीख ३१ जुलै, ती कधी वाढते, २०२५ मध्ये १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती, पण वाढेल या भरवशावर बसू नका. दंडासह उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. तेही हुकलं किंवा काही उत्पन्न दाखवायचं राहिलं असं नंतर आठवलं तर अपडेटेड रिटर्न आहे, असेसमेंट इयर संपल्यापासून ४ वर्षांपर्यंत, पण टॅक्स आणि व्याजाच्या वर पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६०, ७० असा जादा टॅक्स लागतो आणि त्यातून रिफंड मागता येत नाही.

आणि तो "जास्तीत जास्त रिफंड काढून देतो, मला टक्केवारी द्या" म्हणणारा एजंट, त्याच्या नादी अजिबात लागू नका. हे लोक न दिलेल्या देणग्या, खोटं घरभाडं, नसलेला आजार दाखवतात, त्यांचं कमिशन घेऊन मोकळे होतात आणि नोटीस तुमच्या पॅनवर येते. जुलै २०२५ मध्ये डिपार्टमेंटने अशा बोगस दाव्यांसाठी देशभरात १५० ठिकाणी झडत्या घेतल्या. कुणी तुमचं रिटर्न भरलं असेल तर लॉगिन, मोबाइल नंबर आणि मेल आयडी तुमचाच आहे ना ते आजच प्रोफाइलमध्ये जाऊन बघा, एजंटचा नंबर टाकलेला असेल तर नोटीस त्याच्याकडे जाते आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही.

इतकं करूनही काही हललं नाही तर पोर्टलवर ग्रीव्हन्स टाका, १८०० १०३ ००२५ वर फोन पण करता येतो, पण फोनवर काही ठरलं तरी लेखी तक्रार टाकून तिचा नंबर घ्याच. तक्रारीत गोष्ट सांगत बसू नका, पॅन, असेसमेंट इयर, रिटर्नचा पावती नंबर, काय हवंय ते एका वाक्यात आणि चलन किंवा २६एएस ची पीडीएफ, एवढंच. उत्तर आलं की "निराकरण झालं" असं लिहिलेलं असेल तरी खरंच झालंय का ते डिमांडच्या पानावर बघा, नसेल तर जुना तक्रार नंबर देऊन परत टाका.